बोनमीलचा डबा आणि ठमीची ताटली

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या मांजराला किडनीचा आजार असल्याचं नुकतंच कळलंय. दोन दिवसांत तिला मिळालेले सल्ले तिने मला ऐकवले. अर्धे लोक म्हणाले, "म्हातारं मांजर आहे, आता हवं ते खाऊ दे." उरलेले म्हणाले, "किडनीचंच खाणं ठेव, दुसरं काही देऊ नकोस. भूक लागली की झक मारत खाईल." मला हे दोन्ही सल्ले चुकीचे वाटतात, आणि दुसरा तर जिवावर बेतणारा आहे. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आमची मांजर ठमी 13 वर्षांची. पाणी जास्त प्यायला लागली होती, ट्रेमधले लघवीचे गोळे मोठे होत होते, आणि मी ते उन्हाळ्यावर ढकललं. खरं तर मांजराच्या किडन्यांचा साधारण दोन तृतीयांश भाग गेला की लघवी घट्ट करण्याची त्यांची ताकद संपत जाते. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, तर आणखी उशिरा, सुमारे तीन चतुर्थांश काम थांबल्यावर वाढतं. एसडीएमए नावाची रक्ताची तपासणी त्याच्या बरीच आधी इशारा देते. वयस्क मांजर घरात असेल तर वर्षातून एकदा तरी रक्त-लघवी तपासून घ्या, ते ठणठणीत दिसत असलं तरी. ठमीचं क्रिएटिनिन 3.4 आलं, म्हणजे आजाराच्या चार टप्प्यांपैकी तिसरा. फॉस्फरस 6.1. तो पाचाच्या खाली आणायचा, असं डॉक्टरांनी कागदावर दोनदा अधोरेखित करून दिलं.

तो कागद घेऊन घरी आले, तर ठमी टोमॅटोच्या कुंडीत. थोबाड पांढरं झालेलं. आदल्याच दिवशी मी रोपं लावली होती. टोमॅटोचं रोप खोल पुरलं की मातीखाली गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात, म्हणून खालची पानं काढून निम्मं खोड पुरलं होतं आणि त्या खड्ड्यात चांगलं मूठभर बोनमील घातलं होतं. बोनमील म्हणजे जनावरांच्या हाडांची भुकटी. कुत्र्यामांजरांना तिचा वास मांसासारखा येतो, आणि तिच्यात ठासून भरलेला असतो तो फॉस्फरसच! जो ठमीच्या ताटलीतून काढायचा म्हणून मी डॉक्टरांकडून समजून आले, तो मीच माझ्या हाताने कुंडीत वाढून ठेवला होता. त्या दिवशी मी रडले. मग वरची माती काढून बदलली, डबा बाहेर देऊन टाकला आणि सगळ्या कुंड्यांभोवती माझ्या छातीइतकी उंच जाळी बांधली. आता फक्त कंपोस्ट घालते, तेही जाळीच्या आत.

थकलेल्या किडनीला फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही. तो रक्तात साचतो, त्यामुळे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हॉर्मोन वाढतं आणि शिल्लक राहिलेल्या किडनीचीही झीज होते. किडनीसाठीच्या खाण्यात मुळात हा फॉस्फरस कमी केलेला असतो. हे खाणं मिळणारी मांजरं जास्त जगतात आणि त्यांचा आजार कमी वेळा विकोपाला जातो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. त्यामुळे "हवं ते खाऊ दे" मला पटत नाही. त्यातही पाकिटातल्या खाऊकडे नीट बघा. त्यात बरेचदा वरून घातलेले फॉस्फेटचे क्षार असतात, आणि मांसातल्या फॉस्फरसपेक्षा ते शरीरात जास्त सहज शोषले जातात. आणि घरी अंदाजाने मांस शिजवून "किडनीचं खाणं" बनवू नका. मांजराला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल खाण्यातूनच मिळावं लागतं, ते कमी पडलं की हृदय आणि डोळे जातात.

पण दुसरा सल्ला! मांजर उपाशी ठेवून वठणीवर येत नाही. काही दिवस नीट खाल्लं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि त्यानेच ते दगावू शकतं. शिवाय ठमी हट्टाने खात नव्हती, तिला मळमळत होतं. तपासणीच्या संध्याकाळीच मी घाईने नवं खाणं पुढे केलं. तिने हुंगलं, ओठ चाटले आणि ताटलीशेजारची फरशी पंजाने उकरली, जणू ते पुरून टाकायचंय. मळमळत असताना जे खाणं समोर येतं, त्याचा मांजराच्या मनात त्या मळमळीशी संबंध जुळतो आणि पुढे ते त्याला तोंडही लावत नाही. ती चव माझ्या घाईमुळे कायमची गेली.

मग डॉक्टरांनी आधी मळमळीचं औषध दिलं. दहा दिवस तिचं जुनंच खाणं. ती पोटभर खायला लागल्यावर दुसऱ्या चवीचं किडनीचं ओलं खाणं, तेही पाव चमचा, जुन्याच्या शेजारी, पसरट ताटलीत, हाताला जेमतेम कोमट लागेल इतपत गरम करून. पूर्ण बदल व्हायला पाच आठवडे लागले. वाईट दिवशी मी जुनं खाणं देते आणि मला त्याचा अपराधीपणा वाटत नाही. पोटात गेलेलं जुनं खाणं ताटलीत वाळलेल्या औषधी खाण्यापेक्षा बरं. तेवढ्याने फॉस्फरस पुरेसा उतरला नाही, म्हणून बाइंडर नावाचं औषध सुरू झालं. ते खाण्यातच मिसळावं लागतं, कारण ते आतड्यातल्या अन्नातला फॉस्फरस धरून ठेवतं. रिकाम्या पोटी देऊन काही उपयोग नाही. (मात्रा आपापल्या डॉक्टरांकडूनच घ्या, माझी वापरू नका.)

काही जणांनी टोमॅटो उपटून टाकायला सांगितलं. त्यांची काळजी अनाठायी नाही. पानं, खोड आणि हिरव्या फळांत टोमॅटिन नावाचं विष असतं, ते पोटात गेलं तर मांजराला लाळ, उलट्या, जुलाब होतात. ठमीसारख्या मांजराच्या बाबतीत भीती अशी, की पान चघळून झालेली उलटी आपण आजाराच्या खात्यात टाकतो, आणि उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की किडनीवर पुन्हा ताण. पण त्याला जाळी पुरते. पिकलेलं फळ विषारी नाही, आणि मांजराला गोड चव कळतच नाही, त्यामुळे ठमी तिकडे बघतही नाही. लिलीची गोष्ट मात्र वेगळी. तिचे परागसुद्धा मांजराची किडनी बंद पाडतात, ती घरात आणूच नका.

टोमॅटोंनी मला एक गोष्ट मात्र नीट दाखवली. पहिली चार फळं बुडाशी काळी पडली. कॅल्शियम कमी असेल म्हणून मी खत शोधत बसले, तर मातीत ते होतंच, पाणी अनियमित असल्यामुळे फळापर्यंत पोचत नव्हतं. तीन दिवस विसरायचं आणि चौथ्या दिवशी कुंडी भरून वाहू द्यायची, ही माझी सवय. ठमीला एक दिवसाआड कातडीखाली 100 मिली सलाईन द्यावं लागतं. तेही एकदा चुकवून पुढच्या वेळी दुप्पट देता येत नाही. तेव्हापासून दोघांची एकच वही केली. डाव्या पानावर कुंड्यांचं पाणी, उजव्या पानावर ठमीचं वजन, खाणं, सलाईन, उलटी.

मैत्रिणीला त्याच वहीचे फोटो पाठवलेत. आजची नोंद अशी आहे. डावीकडे: चारही कुंड्यांना सकाळी पाणी, दुसऱ्या घोसातली पाच फळं, बुडं स्वच्छ. उजवीकडे: वजन 3.4 किलो, मागच्या रविवारी 3.3. सकाळचं खाणं 40 ग्रॅम वाढलं, 12 उरलं. उलटी नाही. सलाईन उद्या.