लेखक आपल्या भेटीला

कादंबरी लिहिणं एक वेळ परवडलं, पण ती कशी लिहिली हे चारचौघांत सांगणं नको. गोव्यात वाचनालयांच्या वार्षिक सोहळ्यांना तोटा नाही आणि प्रत्येकाला 'माझा लेखनप्रवास' ऐकायचा असतो. प्रवास कसला! पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकून दार उघडायचं, उंडे घ्यायचे नि खुर्चीत बसायचं. दुपारी जेवायला उठायचं. पावसाळ्यात वीज गेली तर थोडं आधी. एवढंच सांगितलं तर शाल-श्रीफळ परत मागतील, म्हणून मांडवीकाठी सुचलेल्या ओळी, मध्यरात्री येऊन उठवणारी पात्रं वगैरे ठोकून देतो. माझं सगळ्यात सरस काल्पनिक लेखन हे असं तोंडीच आहे.

मध्येच फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचा दाखला. जवळजवळ ११ हजार ओव्यांचं त्यांचं मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही. (माझी पहिली आवृत्ती मात्र अख्खी सापडते, माझ्याच खाटेखाली. वाळवीखेरीज तिला कोणी हात लावलेला नाही.)

खरा फास वाचकांच्या प्रश्नांचा. १२ तालुक्यांच्या राज्यात पात्र कल्पायचं तरी कुठून? माझा लबाड भाटकार, म्हणजे जमीनमालक, मुळात पेडण्याचा. हस्तलिखित वाचून मेहुणा म्हणाला, "हा तर आमच्या शेजाऱ्याचा बापूय!" मग त्याला उचलून गोव्याच्या दुसऱ्या टोकाला, काणकोणला नेला, मिश्या काढल्या, एक डोळा तिरळा केला. पुस्तक आलं आणि काणकोणहून फोन: "आमच्या आज्याचा डोळा तिरळा होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

परवा फोंड्याजवळच्या एका गावात मागच्या रांगेतले आजोबा उठले. "भाई, पुस्तक वाचलें हांवें. त्या मुंडकाराचें घर निमाणें ताच्या नांवार जाता, न्हय?"

भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या माझ्या मुंडकाराचं घर शेवटी त्याच्या नावावर होतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे कोणीतरी शेवटपर्यंत वाचलंय! मी भारावून मान डोलावली.

"मागीर म्हजेंच कित्याक जायना?" मग माझंच का होत नाही, असं म्हणत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून फाईल काढली. १९७५ च्या मुंडकार कायद्याची पिवळी पडलेली प्रत, मामलेदाराच्या नोटिसा, घरपट्टीच्या पावत्या. अध्यक्षीय भाषण संपेस्तोवर मी त्याच चाळत बसलो होतो.

पुढची तारीख सोमवारची आहे. कादंबरीतल्या वकिलालाही घेऊन या, असं आजोबांनी बजावलंय.