आत्याचे डायपर कुठल्या योजनेत बसवायचे?

७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, २०२४ पासून. चांगलंच आहे. पण हे सगळं दवाखान्यात भरती असेपर्यंत, आणि नंतर फार तर पंधरा दिवसांची औषधं-तपासण्या. आमच्या कोथरूडच्या आत्याचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, बिल मेडिक्लेममधून भागलं. खरा खर्च सुरू झाला तो डिस्चार्जनंतर.

आता ती अंथरुणावरच आहे. डायपर, एअर बेड, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, चमच्याने पेज भरवणं. विम्याच्या लेखी यातलं काहीच ‘उपचार’ नाही. ब्यूरोतून दिवसाची एक मावशी, रात्रीची दुसरी. दिवाळीत दोघी गावाला गेल्या की बदली मिळेल तेव्हा खरी. शुश्रूषा केंद्रात ठेवावं म्हणून पुण्यात फोन फिरवले, तर सगळीकडे पहिला प्रश्न, ‘चालत्या आहेत का?’ नाहीत म्हटल्यावर महिन्याचा आकडा ३० ते ४० हजारांवर. डायपर-औषधं वेगळी, डिपॉझिट वेगळं.

आता ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा हिशोब करा. तिथे कमाल ३० लाख ठेवता येतात, ८.२ टक्क्यांनी महिना पडतात २०,५००. म्हणजे जन्मभर काटकसर करून पूर्ण ३० लाख साठवलेला माणूसही अर्ध्या वाटेतच अडकतो. ईपीएफची किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वर थांबलीय. गरीब वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिना १,५००. २००७ च्या कायद्याने मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो, त्यालाही महिना १०,००० ची मर्यादा, मुलगा कितीही कमावता असो. (आतेभाऊ अमेरिकेत नाही, पुण्यातच आहे, पन्नाशीचा आहे आणि आईचं सगळं करतो. तेव्हा संस्कारांवरचं व्याख्यान नको.)

‘मग फ्लॅट आहे ना!’ असं म्हणणारे नातेवाईक घरोघरी असतात. राहत्या घरावर दरमहा पैसे देणारं रिव्हर्स मॉर्गेज २००७ च्या बजेटमध्ये आलं, पण आमच्या ओळखीत ते घेतलेला एकही माणूस नाही. आत्याची सोसायटी सध्या पुनर्विकासाला निघालीय, तिला जास्तीचे चौरस फूट मिळणार म्हणे. चौरस फुटांत मावशींचा पगार देता येत नाही.

जपानने २००० साली यासाठी वेगळा विमाच काढला. चाळिशीपासून प्रत्येकाचा हप्ता, जवळपास निम्मा भार करांतून, आणि माणसाला रोज किती मदत लागते ते बघून सेवा. आपल्याकडे उद्या एवढं होणार नाही, कबूल. पण आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतरचे काही महिने मावशींचा खर्च घालायला काय हरकत आहे? धर्मादाय वृद्धाश्रमांना असलेली जीएसटीची माफीही महिना २५,००० पर्यंतच आहे. अंथरुणावरचं माणूस त्या आकड्यात सांभाळून दाखवा! ती मर्यादा वाढवायला तर नवी योजनाही लागत नाही.

आणि हप्त्याचं म्हणाल, तर माझ्या पगारातून आजपासून कापा. माझ्या वयाच्या बाकीच्यांची तयारी आहे का, ते सांगा.