साहेब आहेत, पण जागेवर नाहीत

वसुबारसेला आठ दिवस होते आणि मावशीचा फोन आला. "अरे, तुझा तो कॉम्प्युटर नाही म्हणतोय."

"काय नाही म्हणतोय?"

"मला काय माहीत? इंग्रजीतून नाही म्हणतोय. इकडे बायका चकल्यांसाठी फोन करून करून जीव खातायत. तू ये."

मावशी दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. त्यांचा हिशेब ठेवायला तीन वर्षांपूर्वी मीच हौसेने पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून दिला आणि त्याच्या मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस बसवला. सव्वाशे ऑर्डरींसाठी पोस्टग्रेस म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणायला टेम्पो ठरवण्यातला प्रकार. पण हौसेला कोण अडवणार? आणि मावशीला फरक कळत नव्हता.

गेलो तेव्हा स्वयंपाकघरात भाजणी भाजायला घेतली होती आणि कीबोर्डवर तिचा एक पातळसा थर बसला होता. स्क्रीनवर लिहिलं होतं: लोकलहोस्ट, पत्ता 127.0.0.1, पोर्ट (म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर) 5432, कनेक्शन रिफ्यूज्ड, म्हणजे जोडणी नाकारली. त्याखाली त्याने उलट मलाच विचारलं होतं, की सर्व्हर त्या होस्टवर चालू आहे ना, आणि जोडण्या स्वीकारतोय ना? अरे, मी तेच विचारायला रिक्षा करून आलोय!

"लोकलहोस्ट कोण?" मावशीने विचारलं.

"हाच कॉम्प्युटर. तो स्वतःलाच फोन लावतोय."

"आणि स्वतःच घेत नाहीये? तुझ्या काकांचंही तसंच. मोबाइल सापडत नाही म्हणून त्याच मोबाइलवरून स्वतःला फोन लावतात आणि एंगेज येतोय म्हणून माझ्यावर ओरडतात."

काका आतून म्हणाले, "एकदाच झालंय ते."

खरं तर स्वतःशी बोलायची सोय इंटरनेटवाल्यांनी फार उदार मनाने करून ठेवली आहे. 127 ने सुरू होणारे सगळेच्या सगळे पत्ते, म्हणजे 1 कोटी 67 लाखांहून जास्त, फक्त त्यासाठी राखीव आहेत. त्यातल्या पहिल्याच पत्त्यावर माझं काम अडलं होतं. पिंग करून, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारून पाहिलं, तर उत्तर मिलिसेकंदाच्याही आत आलं. म्हणजे कॉम्प्युटर स्वतःला ओळखत होता. बोलायचं मात्र नव्हतं.

मग पोस्टग्रेसच्या सर्व्हिसची, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमची, चौकशी केली. समोर हिरवागार ठिपका आणि 'ॲक्टिव्ह' असा शब्द. जीव भांड्यात पडला. पण त्या शब्दापुढे कंसात आणखी एक शब्द होता, 'एक्झिटेड'. हजर आहेत, पण निघून गेलेत! ही भाषा मी कुठेतरी ऐकली होती. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा एका खुर्चीच्या पाठीवर रुमाल होता, टेबलावर उघडा चष्मा होता आणि शिपाई सांगत होता, "साहेब आहेत, पण जागेवर नाहीत." मावशीच्या कॉम्प्युटरवर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे, आणि तिच्यातही पोस्टग्रेस नावाची ही मुख्य सर्व्हिस असा रुमालच असते. ती स्वतः काहीच करत नाही. खरं काम करणाऱ्या सर्व्हिसा वेगळ्या, आणि त्यांची नावंही वेगळी. हे मला माहीत होतं का? होतं. पण हिरवा रंग दिसला की माणसाची अक्कल सुटीवर जाते.

पुढचा पाऊण तास मी काय काय केलं, ते सांगायला लाज वाटते. तीनदा रीस्टार्ट. नको ती ये-जा अडवणारी फायरवॉल बंद. मग पीजी एचबीए नावाची फाइल उघडली, कुणाला आत घ्यायचं याची यादी असते ती, आणि त्यात सगळ्यांना मोकळं सोडलं. आपल्याला गेटावरच अडवलंय आणि आपण दिवाणखान्यात पाहुण्यांसाठी सतरंजी अंथरतोय! त्या फाइलीपर्यंत पोचायला आधी सर्व्हरने दार उघडावं लागतं.

शेवटी कोणकोणत्या पोर्टवर कोण कान देऊन बसलंय, त्याची यादी काढली. 631 वर छपाईवाला टवकारून बसला होता. मावशीचा प्रिंटर दोन वर्षांपूर्वी भंगारात गेला, पण याची निष्ठा पाहा. 5432 वर मात्र चिटपाखरू नाही.

मावशी हात पुसत मागे येऊन उभी राहिली. "तो नाही म्हणतो, ते लगेच म्हणतो की वाट बघायला लावून?"

"लगेच. एंटर दाबायचा अवकाश."

"मग वॉचमन म्हणतोय ते. घरातला माणूस इतक्या लगेच दारात येतो का?"

मी बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये पगार घेतोय. इतक्या कमी शब्दांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नकार डेटाबेस देतच नसतो. त्या पोर्टवर कुणी नसलं की ऑपरेटिंग सिस्टीमच परस्पर 'इथे कोणी नाही' म्हणून टाकते. फायरवॉल मध्ये येऊन निरोप गिळते, तेव्हा बहुतेक वेळा उत्तरच येत नाही. मग ताटकळायचं आणि शेवटी टाइमआउट. म्हणजे नकार आला हे एका परीने चांगलंच. निदान इमारत बरोबर होती.

"आमच्याकडे रोज होतं हे," मावशी म्हणाली. "बिल्डिंग पाडून नवी बांधली, आम्ही सात नंबरचे 302 झालो. कुरिअरवाला अजून सात नंबर विचारतो आणि वॉचमन सांगतो, असा फ्लॅटच नाही. तुझ्यात काही पाडापाडी झाली होती का मध्ये?"

माझा चेहरा भाजणीच्या रंगाचा झाला असावा. झाली होती. मागच्या रविवारी, चिवडा खात खात, मीच तो कॉम्प्युटर उबुंटू 22.04 वरून 24.04 वर नेला होता. वाटेत त्याने विचारलं होतं, जुनी पॅकेजं काढून टाकू का? मी तेलकट बोटाने 'वाय' दाबलं होतं. त्या जुन्या पॅकेजांत पोस्टग्रेसची जुनी आवृत्ती, 14, होती.

कोणत्या आवृत्तीचं बिऱ्हाड कुठल्या पोर्टवर आहे ते दाखवणारी पीजी एलएसक्लस्टर्स नावाची कमांड चालवली आणि सगळा पंचनामा दोन ओळींत आला. 14, पोर्ट 5432, बंद, प्रोग्रॅम गायब. 16, पोर्ट 5433, चालू. नवा आला, तेव्हा जुन्या नंबरावर जुन्याचा हक्क नोंदलेला होता. म्हणून तो बिचारा शेजारचं दार धरून बसला होता. धावत 5433 वर गेलो, तर दार उघडलं, स्वागत झालं, आणि आत काही नाही. ना चकली, ना करंजी, ना एक ऑर्डर. नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला होता, सामान मात्र आलं नव्हतं.

"गेलं सगळं?" मावशीने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला.

गेलं नव्हतं. पॅकेज काढलं तरी डेटाची फोल्डर जागच्या जागी राहते. पोस्टग्रेसवाल्यांच्या स्वतःच्या भांडारातून 14 पुन्हा उतरवून घेतलं, फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर काढली, 16 चं रिकामं बिऱ्हाड मोडलं आणि जुन्यावरून नव्यात स्थलांतराची कमांड दिली. एकीकडे स्क्रीनवर ओळी सरकत होत्या आणि दुसरीकडे सोऱ्यातून चकल्या पडत होत्या. मी मात्र दोन्हींकडे बघत नव्हतो, डोळे मिटून बसलो होतो.

प्रोग्रॅम उघडला. पहिलीच ओळ: चकली दोन किलो, तिखट कमी, गेल्या वर्षीसारखी नको. मावशी म्हणाली, "हो, ही बाई दरवर्षी हेच म्हणते." म्हणजे डेटा अस्सल होता.

"आता नवा 302 ला राहतोय ना?"

"नाही. स्थलांतर झालं की ही कमांड नंबरांची अदलाबदल करते. नव्याला 5432 मिळाला, जुना 5433 वर गेला."

मावशीने सोऱ्या खाली ठेवला. "त्याला जुना नंबर परत मिळाला? मग आमच्या बिल्डरला काय झालं होतं?"

मी विषय बदलला. "जुना आता नुसताच बंद पडून आहे, मावशी. काढून टाकू?"

"दिवाळी होऊ दे," ती म्हणाली. "सणासुदीला कुणाला घराबाहेर काढायचं नसतं."