काही झालं नाही म्हणजे काही नव्हतंच, असं कुठं आहे?

परवा मैत्रिणींमध्ये विषय निघाला. शेजारीशेजारी राहणाऱ्या, आपापल्या संसारातल्या दोघांचं एकमेकांवर मन बसलं आणि दोघंही जन्मभर गप्प राहिले, तर त्याला काय म्हणायचं? बहुतेकींचं मत, "धीर नव्हता गं, दुसरं काय!" मला हे अजिबात पटलेलं नाही. तिथं वाद घातला नाही, म्हणून इथं लिहितेय.

बेळगावातल्या शहापूरला आमच्या खाली दोन बिऱ्हाडं होती. एकीचा नवरा मिलिटरीत. मराठा रेजिमेंटचं सेंटर बेळगावात आहे म्हणून जवान काही बेळगावात राहत नाही, तो कायम कुठंतरी बर्फात. शेजारचे कारकून, त्यांची बायको धारवाडला शिक्षिका, पोराला घेऊन तिकडंच. जवानाची बायको या कारकुनांना भावजी म्हणायची, ते तिला वहिनी.

फोन फक्त भावजींकडं. नव्वदचं दशक, रात्री अकरानंतर एसटीडीचा, म्हणजे परगावच्या फोनचा, दर पाव व्हायचा, त्यामुळं जवानाचा फोन त्यानंतरच. भावजी भिंतीवर थाप मारायचे, वहिनी धावत यायची. तिच्या हातात रिसीव्हर दिला की ते दार सताड उघडं ठेवून, चपला घालून, रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. पावसातसुद्धा. बेळगावचा जुलै ज्यांनी काढलाय त्यांना ठाऊक आहे, त्यात छत्री म्हणजे नुसती मनाची समजूत. बोलणं झालं की ती उंबऱ्यात येऊन म्हणायची, "झालं की, या आत. भिजलासा की हो."

"बरं हाय न्हवं सगळं?"

"हाय."

एवढंच. मग ती आपल्या घरात, ते आपल्या घरात, आणि दोन्हीकडचे दिवे बराच वेळ चालू.

पाणी सुटलं की उलटी थाप तिची. राकसकोप धरणाचं पाणी नळाला कधी येईल याचा नेम नसायचा, रात्री दोनलाही यायचं. पण भावजींची बायको घरी आलेली असली की भिंतीवर थाप नाही. तेव्हा ती दाराशी जाऊन हाक मारायची, "अक्का, पाणी सुटलंय बघा." हा फरक माझ्या आईनं टिपला होता. तिनं तो गल्लीत कुणाला सांगितला नाही, यासाठी मी आईला फार मानते. कारण सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असला, तरी असल्या खटल्यांचा निकाल आमची गल्ली दोन मिनिटांत लावते.

तेव्हा कलम ४९७ जिवंत होतं. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद, तक्रारीचा हक्क त्या बाईच्या नवऱ्याला; भावजींच्या बायकोसारखीला मात्र तो हक्क नाही. आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! बाई म्हणजे जणू घरातलं कपाट. २७ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं, बरं झालं. पण त्या दोघांना असलं काही कलम आहे हे ठाऊकही नसावं.

गल्लीची भीती? असणारच. दार उघडं ठेवायचे ते गल्लीसाठी, मान्य. पण मग रस्ता ओलांडून कट्ट्यावर कशाला? दारात उभं राहिले असते तरी कुणी बोललं नसतं. ते तिच्यासाठी होतं. तिला नवऱ्याशी चार शब्द मोकळेपणी बोलता यावेत, रडू आलं तर रडता यावं. जिच्यावर आपलं मन आहे तिला हे मिळावं म्हणून भर पावसात बाहेर बसायला धीर लागत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो लावून बघावा.

धारवाडच्या बाईंचं काय, असंही एकीनं विचारलं. प्रश्न रास्त आहे. मनातलं दिलं तरी ते कुणाच्या तरी वाट्याचंच असतं. मी त्या दोघांना संत ठरवत नाहीये. फक्त भित्रं म्हणू नका.

आणि हो, कमेंटमध्ये कोण-कुठले असा अंदाज बांधत बसू नका. शहापूरचे निम्मे लोक माझ्या यादीत आहेत. नाव दिसलं की कमेंट उडवणार, मग तो सख्खा मामा का असेना.