थांबलेला कंटेनर म्हणजे कचरा नव्हे

डॉकर, म्हणजे प्रोग्रॅमना कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन, वापरणाऱ्या सर्व्हरची डिस्क भरली की एक सल्ला हमखास पुढे येतो. 'डॉकर पीएस -एक्यू'ने सगळ्या कंटेनरचे आयडी काढा, ते जबरदस्तीने काढून टाकणाऱ्या 'डॉकर आरएम -एफ'ला द्या, मागोमाग वापरात नसलेलं सगळं साफ करणारं 'डॉकर सिस्टिम प्रून -ए --व्हॉल्यूम्स' चालवा, झालं. सोबत दिलासाही असतो: कंटेनर टाकाऊच असतो, बंद पडलेला कंटेनर म्हणजे कचरा, खरा डेटा व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरबाहेरच्या साठ्यात असतो, त्यामुळे काही जात नाही. यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो इतका पसरतो.

बंद पडलेल्या कंटेनरपासून सुरुवात करू. रात्री एखादी सर्व्हिस कोसळली, तर सकाळी तिचं काय झालं हे सांगणारा पहिला साक्षीदार तो थांबलेला कंटेनरच असतो. 'डॉकर लॉग्स' त्याच्यावरही चालतं. 'डॉकर इन्स्पेक्ट' एक्झिट कोड दाखवतं, मेमरी संपल्यामुळे कर्नलने मारलं का तेही सांगतं. 'डॉकर सीपी'ने आतल्या फाइल बाहेर काढता येतात. कंटेनर काढला की त्याचा लिहिता थर, म्हणजे चालताना त्याने लिहिलेलं सगळं, जातो आणि डॉकरने स्वतःकडे ठेवलेला लॉगही त्याच्याबरोबर जातो. पंचनाम्याआधीच अंत्यसंस्कार! नंतर 'का बंद पडलं होतं?' असं कुणी विचारलं तर खांदे उडवायचे.

आता '-एफ'. त्याने फक्त कटकट वाचते, असा समज आहे. 'डॉकर स्टॉप' आधी प्रोसेसला थांबण्याचा सिग्नल देतं, सहसा सिगटर्म, आणि ठरलेली मुदत, नेहमी १० सेकंद, संपली तरच सिगकिल, म्हणजे आवराआवरीची संधी न देता ठार. 'आरएम -एफ' थेट सिगकिल. चांगला डेटाबेस पुन्हा उठताना स्वतःला सावरतो, हे मान्य. अर्धवट लिहिलेल्या एक्सपोर्ट फाइलला मात्र ते जमत नाही.

आणि 'डेटा व्हॉल्यूममध्ये सुरक्षित'. खरी गोम इथे आहे.

प्रून फक्त 'कंटेनरच्या वापरात नसलेले' व्हॉल्यूम काढतं, पण याचा डॉकरच्या लेखी अर्थ एवढाच की कोणताही कंटेनर, चालू किंवा थांबलेला, त्या व्हॉल्यूमला धरून नाही. म्हणजे थांबलेला कंटेनर हाच त्या व्हॉल्यूमचा राखणदार. सल्ल्यातली पहिली ओळ सगळे राखणदार हाकलते. दुसऱ्या ओळीला मग सगळंच बेवारस दिसतं. सिस्टिम प्रून एकटं चालवलं तरी ते थांबलेले कंटेनर आधी काढतं, पण चालू कंटेनर आपले व्हॉल्यूम राखतात; पहिल्या ओळीनंतर तेही उरत नाहीत, हा क्रम घात करतो.

त्यात व्हॉल्यूम दोन जातींचे: नाव दिलेले आणि निनावी. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल या डेटाबेसच्या अधिकृत इमेजमध्ये, म्हणजे कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्यात, डेटाच्या फोल्डरसाठी व्हॉल्यूम आधीच जाहीर केलेला असतो. तुम्ही स्वतः काही जोडलं (माउंट केलं) नाही तर डॉकर गुपचूप निनावी व्हॉल्यूम बनवतो. घाईत एका ओळीत उभा केलेला 'तात्पुरता' डेटाबेस नेमका असा असतो, आणि तात्पुरत्या गोष्टी किती वर्षं टिकतात हे आपल्याला ठाऊक आहे. २०२३ साली आलेल्या २३.० आवृत्तीपासून प्रून नाव असलेल्या व्हॉल्यूमला आपण होऊन हात लावत नाही, निनावीच काढतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत बेवारस दिसलेला कोणताही व्हॉल्यूम जायचा, नाव असो वा नसो. जुन्या सर्व्हरवर डोळे मिटून ओळ चिकटवण्यापूर्वी 'डॉकर व्हर्जन' बघायला पाच सेकंद लागतात.

'-व्ही' तर आणखी फसवं. 'डॉकर आरएम -व्ही' फक्त निनावी व्हॉल्यूम काढतं. 'डॉकर कंपोज डाउन -व्ही' मात्र कंपोज फाइलमध्ये, म्हणजे अनेक कंटेनरची मांडणी जिथे लिहिलेली असते तिथे, नावानिशी लिहिलेलेही काढून टाकतं, बाहेरचे म्हणून नोंदवलेले तेवढे वगळून. अक्षर तेच, परिणाम वेगळा.

थोडी शहाणी मंडळी म्हणतात, 'कंटेनर प्रून'ला 'अंटिल=२४एच' फिल्टर लावा, म्हणजे ताजं काही जाणार नाही. पण हा फिल्टर कंटेनर कधी थांबला ते पाहत नाही, कधी बनला ते पाहतो. तीन महिन्यांपूर्वी बनवलेला कंटेनर तुम्ही पाच मिनिटांपूर्वी देखभालीसाठी थांबवला असेल, तरी तो जाईल. लेबल लावून गाळणं त्यापेक्षा बरं. चार-पाचच कंटेनर असतील तर 'डॉकर पीएस -ए'ची यादी वाचून नावाने 'स्टॉप', मग नावाने 'आरएम'. हे कंटाळवाणं आहे, पण मी तेच करतो.

शेवटचा दावा: याने डिस्क मोकळी होते. कधीकधी होते. एकाच इमेजवरचे पन्नास थांबलेले कंटेनर ती इमेज वाटून घेतात. प्रत्येकाचा स्वतःचा म्हणून फक्त लिहिता थर. 'डॉकर पीएस -एस' कंसात जो 'व्हर्च्युअल' आकार दाखवतं त्यात इमेज धरलेली असते, त्यामुळे ते आकडे बेरजेला लावले की उगाच छाती दडपते. आधी 'डॉकर सिस्टिम डीएफ' चालवावं. अनेकदा खरा खादाड असतो चालू कंटेनरचा जेसन लॉग, कारण त्याला मुळात आकाराची मर्यादाच नसते आणि प्रून त्याला शिवतही नाही. डेमनच्या, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या डॉकर सेवेच्या, सेटिंगमध्ये 'मॅक्स-साइझ' (लॉगचा कमाल आकार) आणि 'मॅक्स-फाइल' (लॉग फाइलींची कमाल संख्या) लिहून डॉकर रीस्टार्ट करा. ती मर्यादा फक्त नव्याने बनणाऱ्या कंटेनरना लागू होते, म्हणजे जुने एकेक करून काढून पुन्हा बनवावे लागतात. तिथे 'आरएम' वापरायला माझी काहीच हरकत नाही.