साखळीला बांधलेला कुत्रा आणि आपले हृदय

मुंबईची नोकरी संपवून गुहागरला कायमचा राहायला येणाऱ्या एका वर्गमित्राने मागच्या आठवड्यात फोनवर मला विचारले, "घरी कुत्रा आणू की मांजर? घरात प्राणी असला की रक्तदाब आटोक्यात राहतो म्हणे." हा प्रश्न कुणी माझ्या आजीला विचारला असता तर तिला तो कळलाच नसता. आगरात शहाळी फोडणाऱ्या वांदरांसाठी कुत्रा आणि भाताच्या कणगीतल्या उंदरांसाठी मांजर, एवढी साधी वाटणी तिच्या मनात होती. मित्राला मात्र त्या दिवशी फोनवर नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते सविस्तर इथे लिहितो.

तीन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली. रोज चाळीस मिनिटे चालायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते. पंधरा दिवस मी मोठ्या निष्ठेने चाललो, पुढे मृगाचा पाऊस सुरू झाला आणि माझी निष्ठा छत्रीबरोबर खुंटीला टांगली गेली. त्याच पावसात गडग्याच्या आडोशाला भिजत बसलेले एक गावठी पिल्लू आमच्या पडवीत आले ते राहिलेच. त्याचे नाव आम्ही खंड्या ठेवले. सकाळी साडेपाचला तो माझ्या खाटेच्या कडेवर हनुवटी टेकतो आणि नाकातून एक बारीक, तक्रारीचा सूर काढतो, ज्याकडे दुर्लक्ष करणे मला आजवर एकदाही जमलेले नाही. मग पाऊस असो की थंडी, सुरूच्या बनातून समुद्रावर आणि तिथून ओल्या वाळूवरून असगोलीच्या दिशेने आमची फेरी होते. डॉक्टरांच्या सांगण्याने जे झाले नाही, ते त्या सुराने झाले.

या विषयावर झालेली संशोधने मी मुद्दाम शोधून वाचली. 1980 साली अमेरिकेत हृदयविकाराच्या 92 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. घरी प्राणी असलेल्या 53 जणांपैकी वर्षभरात 3 दगावले, नसलेल्या 39 जणांपैकी 11. आकडे डोळे दिपवणारे असले तरी नमुना फारच लहान होता. पुढे 1995 साली त्याच संशोधिकेने, एरिका फ्रीडमन यांनी, सहकाऱ्याबरोबर 369 रुग्ण तपासले, तेव्हा कुत्रा पाळणाऱ्यांचे वर्षभर जगण्याचे प्रमाण चांगले दिसले, मांजर पाळणाऱ्यांचे तसे दिसले नाही. (हे वाक्य मी घरात मोठ्याने वाचले, त्या दिवशी मला चहा उशिरा मिळाला, कारण मांजर सौभाग्यवतींचे आहे.) 2017 साली स्वीडनमधल्या सुमारे 34 लाख लोकांच्या नोंदींतून निघालेला निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: एकटे राहणाऱ्यांपैकी कुत्रा पाळणाऱ्यांत मृत्यूचा धोका 33 टक्क्यांनी कमी आढळला, तर भरल्या घरात तो फरक 11 टक्क्यांचाच होता. मुले मुंबई-पुण्याला आणि मोठ्या कौलारू घरात एकच म्हातारे माणूस, अशी घरे आमच्या प्रत्येक वाडीत आहेत.

मात्र हे आकडे जसेच्या तसे कोकणात आणता येणार नाहीत, आणि माझे खरे म्हणणे इथेच आहे. ज्यांना चालता-फिरता येते तेच कुत्रा पाळतात, ही शंका तर आहेच. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2013 साली कुत्र्याचा उपयोग होत असावा असे सावधपणे म्हणतानाच, केवळ हृदयासाठी प्राणी आणू नका असेही सांगितले. पण त्या देशांत कुत्र्याला रोज फिरवून आणावे लागते आणि त्याच्याबरोबर मालकही चालतो. आपल्याकडे कुत्रा दिवसभर खळ्यात साखळीला असतो, रात्री राखणीला सुटतो आणि मालक ओटीवर झोपाळ्यावर बसून त्याच्यावर ओरडतो. अशा कुत्र्याने वांदर पळतील, मालकाच्या हृदयाला काडीचा लाभ होणार नाही, आणि कुत्र्याचे जे हाल होतात ते वेगळेच.

मांजराचे गणित निराळे आहे. आमची मनी कुणाच्या उपकाराखाली राहत नाही. मासेवालीची हाक पाखाडीच्या वळणावर ऐकू येण्याआधीच ती पायरीवर जाऊन बसते, बांगड्याचे मुंडके मिळाले की दोन तास ती आमची कुणी लागत नाही. परंतु आषाढात वीज गेलेली असते, पागोळ्यांच्या आवाजापुढे बोलणेही ऐकू येत नाही, तेव्हा कंदिलाजवळ बसलेल्या बायकोच्या मांडीवर ती घुरघुरत पडते, आणि दुपारपासून मुलाचा फोन लागत नाही म्हणून कासावीस झालेली बाई हळूहळू शांत होते. गुडघे गेलेल्या माणसाला असा सोबती परवडतो.

आता दुखण्यांचेही बोलले पाहिजे. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो, ही समजूत मलाही होती. मागच्या वर्षी एका भटक्या बोक्याने माझे मनगट रक्त येईपर्यंत ओरबाडले आणि मी हळद दाबून मोकळा झालो. बायकोने हात धरून मला नळाखाली उभे केले, साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायला लावली आणि दवाखान्यात पाठवले. पहिल्या दवाखान्यात लस शिल्लक नव्हती. दुसरीकडे लस आणि जखमेत द्यायचे इंजेक्शन दोन्ही मिळाले. बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शने केव्हाच इतिहासजमा झाली आहेत, तरी त्यांच्या भीतीने लोक आजही घरी बसतात, याची चीड येते. सून गरोदर होती तेव्हा मांजर सोडून या, असा सल्लाही पुष्कळांनी दिला. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा, म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारा जंतुसंसर्ग, होऊ शकतो हे खरे. पण ते जंतू संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून विष्ठा दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज उचलावी, गरोदर बाईने बागेतल्या मातीत हात घालू नये आणि मटण नीट शिजवावे, एवढ्याने काम भागते. मनी घरातच राहिली, नातू ठणठणीत आहे. खंड्याला दरवर्षी रेबीजबरोबर लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) लसही देतो आणि रात्री त्याला माजघरात घेतो, कारण आमच्या बाजूला बिबट्या कुत्र्यांसाठीच वस्तीत उतरतो.

तेव्हा मित्रा, पहाटे साडेपाचला उठून कुत्र्याबरोबर चालणार असशील तर खुशाल कुत्रा आण. साखळी विकत घेणार असशील तर आणू नकोस. तुझ्या गुडघ्यांचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे, हे मला ठाऊक आहे. आम्ही मनीची नसबंदी करून घेण्याआधी तिने माळ्यावर तीन पिल्ले घातली होती. त्यांपैकी पांढऱ्या पायांचे एक अजून कुणाला दिलेले नाही.