तुमचा फ्यूज उलटा बसलाय

अ‍ॅम्प्लिफायर नवा, स्पीकर नवे, तरी आवाज काही खुलत नाही म्हणता? मग अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे, मेन्सची वायर शिरते तिथली फ्यूजची टोपी फिरवून उघडा. आत २० मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर जाडीची काचेची नळी सापडेल. फ्यूजला आणि केबलला दिशा असते, सुलट्या बसवल्या की आवाज खुलतो, असं काही ध्वनिरसिक मानतात. त्या हिशेबाने ही नळी उलटी बसली आहे. कशावरून म्हणून विचारू नका. बसवणाऱ्याने बघून थोडीच बसवली होती!

सुलटी बाजू ओळखायची रीत अशी. आधी प्लग भिंतीतून उपसून काढा. (हे वाक्य उपरोधाने वाचू नका. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण पुष्कळ यंत्रांत फ्यूज स्विचच्या आधी येतो आणि स्विच बंद असतानाही त्याच्यावर मेन्सचा दाब असतो. वरचं झाकण उघडणार असाल तर आतले वीज साठवणारे मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेले राहतात, त्यांना हात लावू नका.) आता फ्यूजच्या टोकाची धातूची टोपी भिंगातून वाचा: टी २ए एल २५०व्ही. टी म्हणजे दमाने उडणारा, २ए म्हणजे २ अँपिअर, एल म्हणजे शॉर्ट झाल्यावर तोडता येणारा प्रवाह बेताचा, २५०व्ही म्हणजे २५० व्होल्टपर्यंत. अक्षरं डावीकडून उजवीकडे जातात, तेव्हा वीजही डावीकडून उजवीकडे जाणार हे उघड आहे. दुसऱ्या टोपीवरही अक्षरं असतील तर ती वाचू नका, घोळ होतो.

आता एक गाणं ऐका. प्लग काढा, फ्यूज फिरवा, प्लग लावा, तेच गाणं पुन्हा ऐका. फरक पडला? पडणारच. मधल्या पाच मिनिटांत अ‍ॅम्प्लिफायर थंड झाला. फ्यूज काढता-घालताना होल्डरच्या पट्ट्यांवरचा काळपट थर खरवडला गेला. तुम्ही परत येऊन बसलात ते मघापेक्षा चार बोटं पुढे, आणि १० किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी असते साडेतीन सेंटिमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे तेवढ्या सरकण्याने कानाशी पोचणारी वरची पट्टी खरोखरच बदलते. पण असल्या क्षुल्लक गोष्टींत लक्ष घालू नका. श्रेय फ्यूजला द्या.

इथे एखादा इलेक्ट्रिशियन तोंड घालील. म्हणेल, अहो, मेन्स ५० हर्ट्झची, तिच्यात प्रवाह सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो. त्याला शांतपणे सांगा की त्यातल्या निम्म्या वेळा तर तो बरोबर दिशेनेच जातो ना! तो आणखी खोलात शिरेल: एक चौरस मिलिमीटरच्या तांब्यातून एक अँपिअर जाताना इलेक्ट्रॉनांचा पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला ०.०७ मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि ५० हर्ट्झला विजेच्या ओढीने होणारी त्यांची ये-जा मिलिमीटरच्या हजाराव्या भागातच आटपते. फ्यूजची तार बारीक असते म्हणून ही ये-जा शंभरपट धरली, तरी ते मिलिमीटरची वेस ओलांडत नाहीत. हे ऐकून डगमगू नका. इतक्या छोट्या अंगणातसुद्धा ज्याला दिशा सापडते, तोच खरा तयार कान.

तसं पाहिलं तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये विजेला दिशा लावणारे चार नग आधीच बसलेले असतात: मेन्सची उलटसुलट वीज एका दिशेला वळवणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरचे डायोड. त्यांच्यावर बाण छापून कोणी मिरवत नाही, एका टोकाला साधा पट्टा असतो. त्यातला एक उलटा जोडून बघा म्हणजे फ्यूजची दिशा क्षणात कळते. फ्यूज उडतो.

आता दिशेचा बाण छापलेल्या केबलकडे वळू. तिची तार साच्यातून ओढून काढतात, त्यामुळे तांब्याचे कण मांजराच्या केसांसारखे एका बाजूला झोपतात, असं शास्त्र सांगायचं. ओढून कडक झालेली तार पुढे तापवून मऊ करतात आणि त्यात कणांची रचना नव्याने होते, एवढं मात्र सांगायचं नाही. तांब्याने एका बाजूला प्रवाह सोपा आणि दुसऱ्या बाजूला अवघड केला असता, तर १ किलोहर्ट्झचा शुद्ध स्वर पाठवल्यावर पलीकडे २ किलोहर्ट्झलाही टोक उभं राहिलं असतं, आणि ते स्वर सुटे करून दाखवणाऱ्या साध्या अ‍ॅनलायझरला दिसलं असतं. म्हणून मोजायचंच नाही. स्पीकरचा पडदा हलवणाऱ्या व्हॉइस कॉइलमध्ये आणि खर्ज व वरचे स्वर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हरच्या गुंडाळ्यांत कित्येक मीटर तार बिनबाणाची असते, तिचं कोणतं टोक साच्यातून आधी निघालं हेही विचारायचं नाही. बाण केबलच्या शेवटच्या मीटरवर असला की पुरे.

इथे एक अडचण आहे. काही केबलींवरचा बाण खरा असतो. आत दोन तारा, वरून जाळी, आणि जाळी फक्त एकाच टोकाला, सिग्नल जिथून निघतो त्या टोकाला डाख दिलेली. बाण ते टोक ओळखायला असतो. मल्टिमीटरने हे बाहेरून कळत नाही, कारण दोन्ही प्लगांच्या बाहेरच्या रिंगा आतल्या दुसऱ्या तारेने जोडलेल्याच असतात. प्लगची टोपी फिरवून आत बघावं लागतं. अशी केबल उलटी लावली तर हुमिंगची, म्हणजे घूं-घूं आवाजाची, शक्यता थोडी वाढते, बहुतेक ठिकाणी तेही होत नाही. एचडीएमआयच्या ऑप्टिकल केबलला तर दिशा पक्कीच असते, उलटी लावली की पडदा काळा. त्यासाठी कान लागत नाही, त्यामुळे रसिकांत तिची चर्चाही होत नाही.

तीच गत स्पीकरच्या लाल-काळ्या टोकांची. दोनांपैकी एकाची टोकं अदलाबदल झाली की खर्ज गळून पडतो आणि मधोमध उभा असलेला गायक खोलीभर पसरतो. शंका असेल तर स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरकडून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर त्यांना टेकवा. दोन्ही स्पीकरांचे वूफर, म्हणजे खर्जाचे मोठे पडदे, एकाच बाजूला हलले पाहिजेत. ही दिशा शेजाऱ्यालाही ऐकू येते, म्हणून तिला प्रतिष्ठा नाही.

एक पथ्य कडक पाळा: फ्यूज दुसऱ्याच्या हाती देऊ नका. मित्र म्हणेल, मी नाणं उडवून फ्यूज फिरवतो किंवा नुसताच काढून घालतो, तू पडद्याआडून ऐकून सांग, फिरवला की नाही. १६ वेळा करू, १२ बरोबर आली तर मानलं. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे, आणि इथेच घोडं पेंड खातं. तुम्ही म्हणा, परीक्षेच्या दडपणाखाली कान मिटतो.

एक दिवस फ्यूज उडेलच. काच स्वच्छ आणि तार मधोमध तुटलेली असेल तर तो थोड्याशा जादा भाराने किंवा वयाने गेला. काच आतून काळी किंवा आरशासारखी झाली असेल तर कुठे तरी शॉर्ट आहे, डायोड नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर. नुसता नवा घातलात तर तोही जाईल. २ ऐवजी ५ अँपिअरचा घातलात तर फ्यूज वाचेल, ट्रान्सफॉर्मर जळेल. तेव्हा दुरुस्ती करून घ्या, तसाच टी २ए आणा आणि जुना ज्या बाजूने बसला होता त्याच बाजूने बसवा. कोणती बाजू होती ते लक्षात नाही? मग काढा पुन्हा प्लग.